बाटलीतलं कॅफिन मोजताना

(अमळनेर येथे विज्ञान दिनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रांनो, १९२८ साली आजच्याच तारखेला रामन यांच्या हाती त्यांचा शोध लागला. प्रकाश पदार्थाला भेटतो तेव्हा काय होतं, हाच प्रश्न आज आपण कोल्ड्रिंकच्या बाटलीला विचारणार आहोत. रामन यांनी विखुरलेला प्रकाश पाहिला, आपण शोषला गेलेला पाहू.

कोल्ड्रिंकच का? मे महिन्यात आपल्या खान्देशात पारा ४५ अंशांकडे जातो आणि लग्नाच्या मांडवात पाण्याआधी पोरांच्या हातात बाटली येते. आत काय आहे, हे आपल्याला स्वतः मोजता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तीनशे मिलिलिटर कोलात साधारण तीस ग्रॅम साखर असते आणि तीस मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन. म्हणजे कॅफिन साखरेच्या हजाराव्या भागाइतकं. पण अतिनील प्रकाश साखरेतून सरळ निघून जातो आणि कॅफिनपाशी अडतो, सगळ्यात ठळकपणे २७३ नॅनोमीटर तरंगलांबीला. कॅफिनच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंध आहेत, साखरेत ते नाहीत. म्हणून शोषलेला प्रकाश मोजणारं आपलं यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, साखर दाखवणार नाही, हेही लक्षात असू द्या.

मूळ कोला तसाच यंत्रात ठेवला तर शोषकता, म्हणजे किती प्रकाश अडला याचं माप, पाचच्या घरात जाईल. शोषकता एकानं वाढली की पलीकडे पोचणारा प्रकाश दहापट घटतो. म्हणजे लाखात एक भाग प्रकाश पलीकडे पोचेल. तेवढ्यावरून यंत्राला काही सांगता येत नाही. म्हणून ५ मिलिलिटर कोला ५० पर्यंत पातळ करायचा. मग लिटरला १० मिलिग्रॅम कॅफिन असेल, तर एक सेंटिमीटर रुंदीच्या क्युवेटमध्ये, म्हणजे नमुना ठेवायच्या पारदर्शक चौकोनी नळीत, शोषकता अर्ध्याच्या आसपास येते. क्युवेट क्वार्ट्झचीच हवी, कारण साधी काच हा प्रकाश स्वतःच गिळते.

त्याआधी गॅस काढायचा. एम.एस्सी.ला असताना मी तो नीट काढला नव्हता. रीडिंग स्थिर होईना. तासभर यंत्राला दोष दिला. मग क्युवेट उजेडासमोर धरली, तर आतून भिंतीला मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे चिकटलेले. तेव्हापासून मी कोला बीकरमध्ये ओतून गरम करतो, ढवळतो, पूर्ण निवू देतो आणि मगच पिपेट हातात घेतो.

आता खरी अडचण. पुष्कळ पेयांत ती टिकावीत म्हणून सोडियम बेंझोएट असतं. आम्लात त्याचं बेंझॉइक आम्ल होतं. त्याच्या शोषणाचं मोठं शिखर २३० नॅनोमीटरच्या आसपास, पण एक छोटं शिखर नेमकं कॅफिनच्या २७३ पाशीच येतं. उलट कॅफिनही २३० ला थोडं शोषतंच. मग दोन्ही ठिकाणी मोजायचं आणि दोन समीकरणं मांडायची. बाजारात एकानं दोन किलो वांगी, एक किलो मिरची घेतली आणि दुसऱ्यानं एक किलो वांगी, तीन किलो मिरची घेतली, तर दोघांच्या बिलांवरून दोन्हींचा भाव निघतो. हिशेब तोच. फक्त सगळे नमुने आणि स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीची माहीत प्रमाणाची द्रावणं, सारख्याच आम्लात हवेत, नाहीतर बेंझोएटचं शिखर जागा बदलतं.

कोलाचा तपकिरी रंग मात्र या हिशेबात बसत नाही. हा रंग देणारं कॅरॅमलही अतिनील प्रकाश शोषतं आणि कॅफिनचा आकडा फुगतो. आपल्या नियमांत लिटरला १४५ मिलिग्रॅम ही रेषा आहे. तिच्यापुढे ३०० पर्यंत पेय ‘कॅफिनेटेड’ ठरतं आणि लहान मुलांसाठी नाही असं त्यावर छापावं लागतं. फुगलेल्या आकड्यावर कुणाला दोषी ठरवणं हा अन्याय आहे. म्हणून कोला सोडियम कार्बोनेटनं अल्कधर्मी करून क्लोरोफॉर्मसोबत हलवायचा. कॅफिन खाली क्लोरोफॉर्मात उतरतं, बेंझोएट आणि बहुतेक रंग वर पाण्यात राहतो. खालचा थर अलगद काढून क्लोरोफॉर्म फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच, उडवायचा आणि उरलेलं कॅफिन पाण्यात घेऊन मोजायचं.

या टेबलावर रंगहीन लिंबू पेयाच्या दोन बाटल्या आहेत. एकीवर २११ छापलंय, ते सोडियम बेंझोएट. दुसरीवर २०२, म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, पेय टिकवणारं दुसरं रसायन. त्याचं शिखर २६० च्या जवळ येतं. लेबलं झाकून दोन्हींच्या शोषकतेचे आलेख काढा आणि कोणती बाटली कोणती, ते मला सांगा.