फॉरमॅट मारण्याआधी

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर नुसतं ‘मेमरी बिघडली तर’ असं लिहिलंय. त्यामुळे काही ज्येष्ठ मंडळी विसरभोळेपणावर तोडगा मिळेल म्हणून आली आहेत, हे मला दारातच कळलं. आलाच आहात तर बसा, चहा आहे. आज बोलायचंय ते संगणकाच्या रॅमबद्दल, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीबद्दल. माझा हट्ट एकच: रॅम तपासल्याशिवाय कुणालाही फॉरमॅट मारू, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू देऊ नका.

हा हट्ट कुठून आला ते सांगतो. भाचीच्या लग्नाचे फोटो घरच्या डेस्कटॉपवर कॉपी केले. बरेचसे ठीक, पण काही फोटोंत नवरीच्या हनुवटीपर्यंत सगळं छान आणि खाली नुसते राखाडी पट्टे. मुंडावळ्या आहेत, शालू गायब! मध्येच निळा स्क्रीन, आणि दर वेळी त्यावरचा एरर वेगळा. मशीन उचललं आणि दुकानात नेलं. दुकानाचं नाव सांगत नाही, तुमच्यातले निम्मे तिथेच जात असणार. काउंटरवरच्या मुलाने केबलही न लावता निदान केलं, “व्हायरस आहे काका, फॉरमॅट मारावा लागेल.” मारला. विंडोज टाकतानाच मध्ये एरर आली, तर म्हणे पेनड्राइव्ह खराब. घरी आणल्यावर पुन्हा निळा स्क्रीन. मग हार्ड डिस्क बदलली, मग पॉवर सप्लाय, दर वेळी वेगळं बिल. रॅमला मात्र कुणी हात लावला नाही. का, तर “रॅम गेली तर मशीन चालूच होत नाही काका, नुसतं बीप वाजतं.”

सगळा घोळ या समजुतीत आहे. रॅम पूर्ण गेली तर बीप वाजेल. पण ८ जीबीच्या रॅममध्ये ६,८०० कोटींहून जास्त बिट, म्हणजे ० किंवा १ ठेवायच्या जागा असतात, आणि प्रत्येक बिट म्हणजे वीज साठवणारा एक इवलासा कपॅसिटर. तळाला भोक पडलेल्या घागरीसारखा तो गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. त्यातले दोन-चार जरा जास्त गळके निघाले, तेही मशीन तापल्यावरच, तर मशीन सुरू होतं, गाणी वाजवतं आणि एखाद्या फोटोची गुपचूप वाट लावतं. सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये अशी चूक पकडायची सोय असते. घरगुती मशीनमध्ये सहसा नसते, म्हणून कुणी बोंब मारत नाही.

जाता जाता एक गंमत. इंटेलच्या मे आणि वुड्स या दोघांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं, की चिपच्या वेष्टणातच किरणोत्सारी द्रव्याचा अंश असायचा आणि त्यातून निघणारे अल्फा कण बिट उलटवायचे. म्हणजे चिप धडधाकट, तरी आकडा चुकीचा! यावर मी तासभर बोलू शकतो... बरं, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत.

तर पटापट. स्टार्टमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा, व्हिस्टापासून विंडोजमध्येच आहे. पण माझा भरवसा मेमटेस्ट या प्रोग्रामवर. फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरूनच सुरू करायचं, कारण विंडोज चालू असताना स्वतः बसलेली जागा कशी तपासू देणार? रात्रभर चालू द्या. फक्त बुधवारी रात्री लावू नका, गुरुवारी सकाळी वीज जाते.

एक जरी एरर आली तरी रॅम नापास, इथे काठावर पास नाही. मात्र बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवायची सोय, चालू असेल तर ते बंद करून पुन्हा बघा. एरर थांबल्या तर रॅमला तो वेग झेपत नव्हता एवढंच. तरीही आल्या तर मशीन बंद करा, प्लग काढा, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि रॅमची एकेक पट्टी आधी एकाच स्लॉटमध्ये, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून तपासा. क्लिप ‘टक्’ वाजली पाहिजे. कधी कधी नीट बसवल्यानेच भागतं. एरर पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. कुठलीही पट्टी लावली तरी त्याच स्लॉटला आली तर बोर्ड किंवा प्रोसेसर बघा. बिल जपून ठेवलं असेल तर रॅम वॉरंटीत बदलूनही मिळते.

आणि हो, बॅकअप त्या आजारी मशीनवर घेऊ नका, कॉपीतही तेच राखाडी पट्टे येतील. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा. प्रश्न खाली चहाच्या टेबलापाशी विचारा, हॉल आठला रिकामा करायचाय.