इंडोहायस: आधी पाणी, मासे नंतर

[दृश्य: राजौरी जिल्ह्यातले डोंगर, खाली कालाकोट]

जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातलं कालाकोट. या भागाचं नाव निघतं ते कोळशामुळे. पण इथल्याच खडकांनी देवमाशांच्या कुळाचा एक जुना वाद बराचसा मिटवला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे, हे लक्षात ठेवा.

सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी इथे डोंगर नव्हते. भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडत होता, मधला टेथिस समुद्र हटत चालला होता. त्या काळात इथल्या ओढ्यांच्या काठी एक प्राणी वावरायचा. मांजराएवढा. काटकुळे पाय, लांब शेपटी, बोटांच्या टोकांना खूर. त्याचं नाव इंडोहायस. चित्रांत त्याच्या अंगावर दिसणारे ठिपके आणि तपकिरी रंग ही मात्र चित्रकाराची मर्जी. कातडी काही सापडलेली नाही.

[दृश्य: फोडलेला खडक, त्यात अडकलेले दात]

भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी १९७१ मध्ये या प्राण्याचं नामकरण केलं, तेव्हा त्यांच्यापाशी थोडे दात आणि जबड्याचे तुकडे एवढंच होतं. खुरवाल्या प्राण्यांच्या यादीत एक नाव वाढलं, इतकंच. राव यांनी कालाकोटहून आणलेले कितीतरी दगड फोडायचे राहूनच गेले आणि त्यांचं निधन झालं. पुढे त्यांच्या पत्नीनं ते दगड हान्स थेविसन यांच्या हवाली केले. थेविसन अमेरिकेत ओहायोमध्ये काम करणारे, देवमाशांच्या पूर्वजांचे अभ्यासक.

दगडांतून हाडं मोकळी करायचं काम चालू असताना त्यांच्या तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीचा तुकडा मोडला. नेमका कानाजवळचा.

हा तुकडा जवळून बघू. सस्तन प्राण्यांच्या मधल्या कानाभोवती हाडाची एक छोटी डबी असते. कुत्रा घ्या, गाय घ्या, तिची भिंत पातळच. देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात मात्र या डबीची आतली, मेंदूच्या बाजूची कड चांगली जाड असते आणि बाहेरची भिंत पातळ. देवमाशाचं जीवाश्म ओळखायची ही हमखास खूण मानली जायची. मोडलेल्या कवटीत थेविसनना तीच जाड कड दिसली. देवमाशाचा कान, आणि तोही खुरांच्या प्राण्याला!

[दृश्य: घोट्याच्या हाडाचं रेखाचित्र]

आता याचं एवढं अप्रूप का, ते सांगायला हवं. देवमासे खुरांच्या प्राण्यांपैकी आहेत, हे तोवर कळलेलं होतं. गाय, डुक्कर, उंट, हरीण या समखुरी प्राण्यांच्या घोट्यात दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं एक हाड असतं. अगदी तसंच हाड पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या आद्य देवमाशांमध्ये निघालं. ते २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. जनुकांचा कौलही तोच होता. आज जिवंत असलेल्यांत देवमाशांचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे पाणघोडा. पण पाणघोड्यांची जीवाश्मं आद्य देवमाशांपेक्षा फारच अलीकडची, आणि सापडतात आफ्रिकेत. देवमासे उगम पावले ते भारत-पाकिस्तानच्या या पट्ट्यात. मग त्या काळातला, याच भागातला नातलग कुठे होता? तो कालाकोटच्या दगडांत होता.

डिसेंबर २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचा शोधनिबंध आला. थेविसन यांच्यासोबत त्यात रुरकीचे सुनील बाजपेयी आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे बी. एन. तिवारी हेही होते. इंडोहायसचा जो सांगाडा आपण बघतो, तो एकाच प्राण्याचा नव्हे. एका थरात अनेक प्राण्यांची हाडं मिसळलेली होती, त्यांतून तो जुळवलेला आहे.

[दृश्य: पायाच्या हाडाचा आडवा छेद]

हाडं कापून पाहिली तर कडा जाड, मधली पोकळी अरुंद. पाणबुड्या कमरेला शिशाचा पट्टा बांधतो, तसं या हाडांचं वजन प्राण्याला पाण्यात तळाशी धरून ठेवतं. पाणघोड्याचीही हाडं अशीच भरीव. दुसरा पुरावा दातांच्या इनॅमलचा. जमिनीवरचा प्राणी घामावाटे, श्वासावाटे पाणी गमावतो. त्यात ऑक्सिजनच्या अणूंचा हलका प्रकार जास्त उडून जातो, जड प्रकार मागे उरतो. पाण्यात राहणाऱ्याचं तसं होत नाही. इंडोहायसच्या दातांतलं प्रमाण पाण्यातल्या प्राण्यांशी जुळलं.

पण तो मासे खात नव्हता. त्याच्या दाढा आणि दातांतलं कार्बनच्या हलक्या-जड प्रकारांचं प्रमाण बघता, तो पाला-वनस्पतींवर जगणारा असावा. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतला कळीचा मुद्दा हाच. आधी असं समजलं जायचं, की देवमाशांचे पूर्वज जमिनीवरचे शिकारी होते आणि माशांच्या मागे पाण्यात उतरले. इंडोहायसनं हा क्रम उलटा केला. पाण्यात शिरणं आधी झालं, तेही बहुधा जीव वाचवायला. मांसाहार त्यानंतरचा.

[दृश्य: जंगलातली पिसोरी]

हे अजब वाटत असेल, तर आपल्या सह्याद्रीतली पिसोरी आठवा. हरणासारखी, पण सशाहून थोडीच मोठी, अंगावर पांढरे ठिपके, दिवसा सहसा दृष्टीस न पडणारी. तिचा आफ्रिकेतला भाऊबंद धोका दिसला की थेट पाण्यात उडी घेतो आणि बुडून चालत राहतो. श्रीलंकेतली, पिसोरीच्याच वंशातली एक मादी मुंगूस मागे लागल्यावर पाण्यात शिरल्याची नोंद आहे. इंडोहायस पिसोरीच्या घराण्यातला नव्हे. पण त्याचं वागणं कसं असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

एक खुलासा करायलाच हवा, कारण बातम्यांच्या मथळ्यांनी तेव्हा घोळ घातला होता. इंडोहायस हा देवमाशांचा पूर्वज नाही. काही आद्य देवमासे त्याच्याइतकेच, किंबहुना त्याच्या आधीचे आहेत. म्हणजे नातं चुलत घराण्याचं. २००९ मध्ये इतर अभ्यासकांनी ‘नेचर’मध्येच पाणघोड्याची बाजू पुन्हा मांडली. त्यांच्या वंशवृक्षातही जिवंत प्राण्यांत पाणघोडाच सर्वांत जवळचा ठरला, आणि इंडोहायस त्याहूनही जवळच्या फांदीवर, देवमाशांना खेटूनच राहिला.

[दृश्य: कच्छचं उजाड माळरान]

खाऱ्या पाण्यात उतरलेली पुढची मंडळी बघायला कच्छला जावं लागतं. तिथे बाजपेयी आणि थेविसन यांनी २००० मध्ये कच्छिसीटस नावाच्या एका छोट्या देवमाशाचं वर्णन केलं. लांब तोंडाचा, आखूड पायांचा, दणकट शेपटीचा. पुढच्या भागात आपण तिकडेच जाऊ.