शिस्त म्हणजे नेम

नमस्कार मंडळी, जय हिंद. आज रेडिओचा आवाज जरा वाढवा, आणि घरात कुणी जुने फौजी असतील तर रेडिओ त्यांच्या उजव्या बाजूला ठेवा. कारण सांगतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. रायफल उजव्या खांद्याला लावून गाल बटावर, म्हणजे तिच्या मागच्या दांड्यावर, टेकला की डावा कान नळीच्या तोंडाच्या बाजूला येतो, सगळा दणका त्याच कानावर बसतो, आणि त्या काळी कानात कापसाचा बोळा, एवढंच. म्हणून आमची मंडळी कॅन्टीनच्या आवारात बसलेली बघाल तर जो तो शेजाऱ्याच्या उजव्या कानाशी बोलत असतो.

आणि बोलणं कसलं, तर फायरिंग रेंजवरचं. पेन्शन, गुडघेदुखी, नातवाचं ॲडमिशन हे सगळं होतं, पण तासाभरात कुणीतरी म्हणतोच, "तुमच्या वेळी कुठली होती हो, थ्री नॉट थ्री का?" झालं, तिथून पुढं चहा गार होतो. सगळ्यात थोरले ते थ्री नॉट थ्रीवाले. प्रत्येक गोळीला बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, मॅगझिनमध्ये दहा राउंड. १९६२ ला चीनसमोर आमचे लोक हीच रायफल घेऊन बर्फात उभे होते आणि समोरच्यांकडं ऑटोमॅटिक होत्या, हे बोलताना आजही त्यांचा आवाज बदलतो. मग आम्ही एसएलआरवाले, पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, इशापूरच्या फॅक्टरीची, ७.६२ मिलिमीटरची गोळी, वीस राउंडची मॅगझिन, चार किलोच्या वर वजन. आणि आमच्यानंतरचे इन्सास रायफलवाले, ५.५६ मिलिमीटरची गोळी, हलकी, झटका कमी. आपलीच रायफल चांगली म्हणून भांडण होतं, पण खरं सांगतो, रायफल कुठलीही असो, शिकवण तिघांची एकच निघते.

मी १९७८ ला बेळगावला मराठा सेंटरमध्ये, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, रिक्रूट होतो. तिथं पहिल्या आठवड्यात एक शब्द कानावर पडला आणि मी गोंधळलो. उस्ताद, म्हणजे आमचे शिकवणारे, म्हणाले, "शिस्त लो!" मला वाटलं सावधान करायचंय, म्हणून मी ताठ उभा राहिलो. तर नाही, पलटणीत शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं. जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेमच, आपण तो अर्थ विसरलो आणि शाळेतली शिस्त तेवढी लक्षात ठेवली. चांगल्या फायरचे तीन उसूल आमच्याकडून घोकून घेतले होते, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. अजून झोपेतून उठवून विचारलं तरी कुणीही सांगेल.

पहिल्या फायरिंगला माझ्या पाच राउंडपैकी दोनच टारगेटला लागले. रात्री बराकीत झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी बाजूला घेतलं, रागावले अजिबात नाहीत, रिकामी रायफल हातात दिली, लेटकर, म्हणजे पालथं झोपून, पोझिशन घ्यायला लावली आणि नळीच्या टोकावर दहा पैशाचं नाणं ठेवलं, ते ॲल्युमिनियमचं, कडेला पाकळ्यांसारखं, फुंकर मारली तरी पडायचं. म्हणाले, ट्रिगर दाबायचा, नाणं पडता कामा नये. पडलं. परत ठेवलं. परत पडलं. दुपारपर्यंत कोपरं सोलवटली. मग हळूहळू कळत गेलं की मी ट्रिगर दाबत नव्हतो, ओढत होतो, आणि आवाज होणार या भीतीनं खांदा आधीच आखडत होतो. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि बोट असं दाबत जायचं की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये. डोळा टारगेटवर नाही, फोरसाइटच्या, म्हणजे नळीवरच्या पुढच्या खुंटीच्या, टोकावर. टारगेट थोडं धूसर दिसलं तरी चालेल, टोक स्वच्छ दिसलं पाहिजे. हिशोब साधा आहे, पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये जेमतेम अर्ध्या मीटरचं अंतर, तिथं १ मिलिमीटर चुकलात की १०० मीटरवर गोळी वीतभर बाजूला जाते आणि ३०० मीटरवर हातभर.

आता बट पार्टीबद्दल, कारण तिचं नाव कुणी घेत नाही. टारगेटखालच्या खंदकात जे बसतात ते. गोळी डोक्यावरून जाते तेव्हा आधी 'कड्' असा चाबकासारखा आवाज येतो आणि मग लांबून रायफलीचा 'धम्', कारण गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगानं येते. फायर थांबला की टारगेट खाली घ्यायचं, भोकं मोजायची, काठीनं दाखवायची आणि पिठाच्या खळीनं कागद चिकटवून पुन्हा वर करायचं. दिवसभर. कुणाचा हात थरथरतो, कुणाचं ग्रुपिंग, म्हणजे सगळ्या भोकांचा मिळून पुंजका, पोराच्या तळव्याएवढं येतं, हे बटमध्ये बसणाऱ्याला तोंड न बघता कळायचं. मी नेम शिकलो त्यात अर्धा वाटा त्या खंदकाचा आहे.

संध्याकाळी एकेक रिकामा खोका, म्हणजे सुटलेल्या गोळीचं टरफल, मोजून परत द्यायचा. एक कमी पडला तर सगळी पलटण गवतात वाकून शोधायची, अंधार पडला तरी. आणि मग नळी साफ करायची, पुल थ्रूची दोरी, चिंदी, तेल. तो बंदुकीच्या जळक्या दारूचा आणि तेलाचा वास, मंडळी, तो वास अजून कुठं आला की मी थांबतो.

२०१२ ला लंडनला आपल्या फौजेच्या विजय कुमारनं पिस्तुलात रौप्य घेतलं तेव्हा आमच्यात पेढे वाटले गेले. आणि २०२४ ला पॅरिसला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे खेळत होता, तो फौजी नाही, रेल्वेतला, पण आम्ही सात-आठ जण एका घरात टीव्हीसमोर बसलो होतो. आधी गुडघ्यावर, मग झोपून, मग उभं राहून, अगदी आमच्याच पोझिशन. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ सेंटिमीटरभर रुंद. तो ट्रिगरवर बोट ठेवायचा आणि खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं, सगळ्यांनी आपापला अर्धा श्वास सोडून धरलेला. थोरले हवालदारसाहेब, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, डावा डोळा मिटून बघत होते. ब्राँझ आलं तेव्हा कुणी ओरडलं नाही आधी, ते एवढंच म्हणाले, "शिस्त बरोबर होती पोराची."

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, तुम्ही पहाटे १६०० मीटर पळताय, छाती फुगवताय, चांगलं आहे. पण गावात असे आजोबा असतील तर एकदा जवळ जाऊन बसा, उजव्या बाजूला, आणि लढाईचं नका विचारू, ते सांगायचे नाहीत. विचारा, "आजोबा, तुमचं ग्रुपिंग किती इंच होतं?" मग बघा.

माझं, त्या नाण्यानंतरच्या फायरिंगला, पाच राउंड, चार इंच. जय हिंद.