शनिवार दुपारचे घोडेस्वार

मित्रहो, सुरुवात एका घोड्यापासून करतो. नाव ट्रिगर. सोनेरी अंग, पांढरी आयाळ, पांढरी शेपूट. १९६५ साली तो मेला तेव्हा त्याला पुरायला त्याच्या धन्याचं मन धजेना. त्यानं ट्रिगरचं कातडं साच्यावर चढवून घेतलं, मागच्या दोन पायांवर उभा, पुढचे दोन हवेत, आणि आपल्या संग्रहालयात ठेवला. जुलै २०१०मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात हा घोडा २,६६,५०० डॉलरला विकला गेला. नेब्रास्कातल्या, शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम दाखवणाऱ्या एका टीव्ही वाहिनीनं तो घेतला. बुलेट नावाचा कुत्राही त्यांनीच घेतला. तोही तसाच जतन केलेला.

घोड्याचा धनी होता रॉय रॉजर्स, सिनेमातला काउबॉय. नाव ऐकलंय त्यांनी जरा हात वर करा. चार. बरं. कोलंबसला, म्हणजे ओहायोच्या कोलंबसला, मी बरीच वर्षं नोकरी केली. तिथे हाच प्रश्न मी मेरीलँडहून आलेल्या एका तरुण सहकाऱ्याला विचारला होता. तो म्हणाला, "ते रेस्टॉरंट ना?" पूर्वेकडे त्या नावाची रेस्टॉरंटं आहेत, आणि त्याला माहीत होती ती तेवढीच. १९५०च्या सुमाराला अमेरिकेतल्या कुठल्याही आठ वर्षांच्या मुलाला हे नाव राष्ट्राध्यक्षाच्या नावाआधी आठवलं असतं. साठ वर्षांत हे असं कसं झालं, हे मला आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

माझ्या शेजारी एक गृहस्थ राहायचे. जन्म १९४२चा, पत्नी वारलेली, मुलं दूरच्या राज्यांत. आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो, त्यांनाही तो शब्द आवडला होता. त्यांच्या गॅरेजमध्ये फळीवर एक पत्र्याचा डबा होता, शाळेत न्यायचा. कडांचा रंग उडालेला, कडी सैल, आतला थर्मास कधीच हरवलेला. आत स्क्रू आणि वायसर. झाकणावरचं चित्र मात्र अजून ओळखू यायचं: काळे कपडे, पांढरे केस, पांढरा घोडा. हा हॉपालाँग कॅसिडी, पडद्यावरचा आणखी एक काउबॉय.

या डब्याची कथा मोठी आहे. विल्यम बॉइड नावाचा नट हॉपालाँगचं काम करायचा. चित्रपटांचा धंदा उतरणीला लागला तेव्हा त्यानं जवळचं होतं-नव्हतं ते विकून-गहाण टाकून त्या जुन्या चित्रपटांचे हक्क विकत घेतले. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलंय. १९४९ला एनबीसीनं ते टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली आणि पोरं वेडी झाली. १९५०ला नॅशव्हिलच्या अल्लादिन कंपनीनं साध्या डब्यावर त्याचं चित्र चिकटवलं, आणि पहिल्याच वर्षात असे सुमारे ६ लाख डबे खपले. त्यातला एक आजोबांचा.

टीव्हीच्या आधी शनिवार दुपार होती. गावातलं थिएटर, खिशात चिल्लर, आधी कार्टून, मग मालिकेचा एक भाग (नायक कड्यावरून पडताना नेमका थांबणारा), आणि मग तासाभराचा घोड्यांचा चित्रपट. रिपब्लिक नावाचा स्टुडिओ हे चित्रपट धडाधड काढायचा. १९३५पासून त्यांचा हुकमाचा एक्का होता जीन ऑट्री, गाणारा काउबॉय. १९३८ला पैशांवरून ऑट्रीचं आणि स्टुडिओचं बिनसलं, आणि त्याच्या जागी एक नवखा पोरगा उभा केला गेला. त्याचं मूळ नाव लेनर्ड स्लाय. तोच रॉय रॉजर्स.

यातली मला फार हृद्य वाटणारी गोष्ट सांगतो. रॉजर्स पश्चिमेचा नव्हताच. जन्म सिनसिनाटीचा. वडिलांनी स्वतः बांधलेल्या तरत्या घरात हे कुटुंब पोर्ट्समथला ओहायो नदीवर राहायचं, पुढे जवळच डक रन इथे शेतावर. वडील बुटांच्या कारखान्यात कामाला. विल्यम बॉइडही ओहायोचाच, हेंड्रिसबर्गचा. ज्या मुलखात मका आणि कारखाने, तिथल्या दोन पोरांनी सगळ्या देशाला काउबॉय कसा दिसतो ते शिकवलं.

आणि खरा काउबॉय तसा दिसतच नव्हता. लॅसो (गुरं पकडायचा दोरीचा फास), रोडिओ (काउबॉयच्या कसरतींचे खेळ), रँच (गुरांचा मळा) हे शब्द स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन गुराख्यांकडून आलेले. टेक्सासहून गुरांचे तांडे उत्तरेला हाकणाऱ्यांत कृष्णवर्णीय माणसं मोठ्या संख्येनं होती. पडद्यावर ती जवळजवळ नाहीतच. हर्ब जेफ्रीज नावाच्या गायकानं १९३७ ते १९३९ या काळात कृष्णवर्णीय काउबॉयचे चित्रपट केले, कारण थिएटरात वेगळ्या बसवल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांनाही कोणीतरी हवा होता. आणि मूळ रहिवासी? ते डोंगरावरून ओरडत यायचे आणि मरायचे. हे विसरून या आठवणींबद्दल प्रेमानं बोलणं मला जमत नाही. पण ऑट्रीनं मुलांसाठी जे दहा नियम घालून दिले होते, त्यात एक असा होता की काउबॉयनं वांशिक किंवा धार्मिक असहिष्णुतेला थारा देऊ नये. बाकीचे असे: शब्द मोडू नये, म्हाताऱ्यांशी, मुलांशी आणि जनावरांशी मायेनं वागावं, अडचणीतल्या माणसाला मदत करावी. आजोबांना त्यातले सात पाठ होते. त्यांनी ते माझ्यासमोर बोटांवर मोजले. पडद्यावर जे दिसत होतं आणि नियमांत जे लिहिलं होतं त्यांत अंतर होतं, आणि आठ वर्षांच्या मुलानं नियम खरे धरले. मला त्या मुलाचं कौतुक वाटतं.

आता विसरण्याकडे येतो. लोक सहज म्हणतात, काळ बदलला. काळ सगळ्यांचाच बदलतो. माझी आजी साताऱ्याची. तिनं तानाजीची गोष्ट मला सांगितली. तिला ती तिच्या आजीनं सांगितली होती, आणि दोघींपैकी कोणीही सिंहगड पाहिलेला नव्हता. मोठ्यानं लहानाला मांडीवर घेऊन सांगायचं, असा तो रस्ता. शनिवारच्या त्या थिएटरात मोठं माणूस नसायचंच. आई-वडील पोरांना दारात सोडून बाजाराला जायचे. मुलांनी जे पाहिलं ते फक्त मुलांनी पाहिलं. त्यांच्या वडिलांना ते माहीत नव्हतं, आणि पुढे त्यांच्या मुलांना ते सांगावं तर सांगायला गोष्टच नव्हती. पन्नास चित्रपट, सगळ्यांत तोच पाठलाग. आजोबांना मी कितीदा विचारलं, तुमच्या आवडत्या चित्रपटात घडतं काय? त्यांना एकही कथानक सांगता आलं नाही. खुर्चीच्या मखमलीचा वास सांगता आला. ट्रिगर नेमका कसा उभा राहायचा ते सांगता आलं. तुमच्या आठव्या वर्षाची शनिवार दुपार नातवाला देता येत नाही हो.

शिवाय हे सगळं बाजारानं उभं केलं होतं आणि बाजार पुढे सरकला. रॉय रॉजर्स आणि लोन रेंजर (काळा मुखवटा घालणारा आणखी एक घोडेस्वार नायक), दोघांच्याही टीव्ही मालिका १९५७ साली थांबल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियाचा उपग्रह स्पुटनिक वर गेला आणि पोरांना अग्निबाण हवे झाले. जुने चित्रपट टीव्हीच्या तासात बसावेत म्हणून कापून ५४ मिनिटांचे केले गेले. त्यातले काही आज त्या कापलेल्या रूपातच सापडतात.

लोन रेंजर करणारा क्लेटन मूर. १९७९ला हक्क बाळगणाऱ्या कंपनीनं कोर्टातून त्याला तो काळा मुखवटा घालून लोकांसमोर जायला मनाई केली. त्यांना नवा चित्रपट काढायचा होता, नवा नट आणायचा होता. साठी उलटलेला मूर मुखवट्याऐवजी मोठा काळा चष्मा लावून मुलांना भेटत राहिला. १९८४ला मुखवटा परत मिळाला. माणसाकडून त्याची मुद्राच काढून घ्यायची, याची मला आजही चीड येते.

रॉजर्सचं संग्रहालय आधी कॅलिफोर्नियात होतं, ॲपल व्हॅलीला, मग व्हिक्टरव्हिलला, शेवटी मिझुरीतल्या ब्रॅन्सनला हलवलं. रॉजर्स १९९८ला गेला, त्याची पत्नी आणि सहनायिका डेल इव्हान्स २००१ला. येणाऱ्यांची संख्या घटत गेली. तोट्यात गेलं तर भावनेत अडकू नकोस, बंद कर, असं बापानं मुलाला सांगून ठेवलं होतं. २००९च्या डिसेंबरात दारं बंद झाली आणि ट्रिगर लिलावाला आला. लॉस एंजेलिसमधलं ऑट्रीचं संग्रहालय १९८८ला उघडलं, ते चालू आहे. कारण ते एका माणसाचं राहिलं नाही. २००३ला मूळ रहिवाशांच्या वस्तूंचा फार मोठा साठा असलेलं साउथवेस्ट म्युझियम त्यात सामील झालं. डोंगरावरून ओरडत येणाऱ्यांच्या टोपल्या, मडकी, वस्त्रं आता त्या गाणाऱ्या काउबॉयच्या नावाखाली जपली जातात. मला हे बरोबर वाटतं.

२०१८च्या शरद ऋतूत मी आजोबांना घेऊन पोर्ट्समथला गेलो. कोलंबसहून सरळ दक्षिणेला, दोनेक तासांची वाट. पुरापासून गाव वाचवायला नदीकाठी भली मोठी काँक्रीटची भिंत आहे, आणि तिच्यावर गावाचा सगळा इतिहास रंगवला आहे. त्यात रॉय रॉजर्स आहे. आजोबा त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले, टोपी हातात घेऊन. बोलले काहीच नाहीत. एक बाई कुत्र्याला फिरवत शेजारून गेली, तिनं चित्राकडे पाहिलं नाही.

परत गाडीकडे येताना मी त्यांना विचारलं, थिएटरातून घरी जाताना तुम्ही पोरं काय करायचात? "घोड्यावरून जायचो," ते म्हणाले. कसे? तेव्हा त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "हे पळणं नाही, नीट बघ. डावा पाय कायम पुढे. उजवा त्याच्या मागून येतो, पण कधीच पुढे जात नाही. आणि हातानं मागून मांडीवर थाप." शहात्तर वर्षांचे आजोबा त्या रिकाम्या वाहनतळावर चार टापा गेले, पाचवीला थांबले, धापा टाकत हसले. मग मागे वळून म्हणाले, "आता तू." मी काठी गाडीला टेकवली आणि डावा पाय पुढे टाकला.