भिडण्याआधी

मंडळी, भिडण्याआधी प्राणी एकमेकांना काय सांगतात ते बघू. सुरुवात जंगलातून नको, शेतातून करू. उमरेडकडे एका हरभऱ्याच्या शेतात, धुऱ्याला लागून लेंड्यांचा ढीग होता. खालच्या लेंड्या वाळून पांढुरक्या झालेल्या, वरच्या काळ्या आणि ओल्या. शेतकरीदादा म्हणाले, "रोह्याची जागा हाये ते. रोज इथंच येते अन् इथंच टाकते." रोही म्हणजे नीलगाय.

त्या दादांचं निम्मं पीक रोही खातात, त्यांचा राग मला समजतो. पण त्यांच्याइतकं बारीक निरीक्षण माझ्याकडेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं तिथे जाऊन बसलो. निळसर करडा नर आला, गळ्याला केसांचा झुपका. त्याने ढीग हुंगला, वर आपल्या लेंड्या टाकल्या. थोड्या वेळाने दुसरा नर आला. दोघं एकमेकांना आडवे उभे राहिले, पूर्ण बाजू दाखवत, मान ताठ. मग मानेला मान लावून रेटारेटी. मग दोघांनी पुढचे गुडघे टेकले आणि त्याच अवस्थेत ढकलाढकली सुरू झाली. रोह्याची शिंगं वीतभरच, पण टोकदार. म्हणून नराच्या मानेची आणि छातीची कातडी जाड असते. दहाएक मिनिटांनी एक जण उठला आणि पाठ फिरवून चालता झाला. रक्ताचा थेंबही सांडला नाही.

पुष्कळ जण सांगतात की आपली जात टिकावी म्हणून प्राणी एकमेकांना मारत नाहीत. हे मला पटत नाही. 1973 मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस या संशोधकांनी गणिताने दाखवलं की हा संयम ज्याच्या त्याच्या फायद्याचाच असतो. जिंकलात पण पाय मोडला, तर काय जिंकलात? आपल्या पेंचच्या जंगलात लंगडणारा नर रानकुत्र्यांच्या नजरेतून किती दिवस सुटेल?

मग नुसता आव आणूनच का भागत नाही? कारण खोटं परवडत नाही. ज्या खुणेला जबर किंमत मोजावी लागते ती दुबळ्याला मिरवता येत नाही, हा विचार इस्रायलचे जीवशास्त्रज्ञ आमोत्झ झहावी यांनी 1975 मध्ये मांडला. चितळाची शिंगं बघा. ती गळतात आणि पुन्हा नव्याने उगवतात. एवढं हाड उभं करायला लागणारं कॅल्शियम नुसत्या चाऱ्यातून पुरत नाही, नर ते स्वतःच्या बरगड्यांतून काढतो. अंगात दम नसलेल्याला तसं डोकं मिरवणं जमायचंच नाही.

मोहफुलं पडायला लागली की चितळांचे आवाज वाढतात, एप्रिल-मेमध्ये तर नर घसा फोडून ओरडतो. मागच्या पायांवर उभा राहून फांदीला डोकं घासतो, आपला वास उंचावर ठेवतो. आणि एक गोष्ट मुद्दाम बघा. शिंगं वाढत असताना त्यांच्यावर मऊ, केसाळ कातडी असते, तिला मखमल म्हणतात. अशी मखमल असलेले दोन नर भांडले तर शिंगं लावत नाहीत. त्या मखमलीत रक्त खेळतं, धक्का सोसत नाही. मग ते मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी एकमेकांना बडवतात. मला हे दृश्य पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, माद्याच भांडताहेत.

वाघाचं बोलणं बरंचसं वासाचं. झाडाच्या बुंध्यावर तो मागे जो फवारा मारतो, त्यात बासमतीला सुगंध देणारं संयुग असतं. हे कोलकात्याचे संशोधक रतनलाल ब्रह्मचारी यांनी शोधलं. तेच संयुग मोहाच्या फुलांतही आहे, म्हणजे हा वास विदर्भाच्या नाकाला ओळखीचाच. फवाऱ्यात स्निग्धांश असल्याने तो बरेच दिवस टिकतो. दुसरा वाघ येतो, हुंगतो, तोंड वेंगाडून तो वास टाळूतल्या इंद्रियापर्यंत खेचतो. कोण होता, किती दिवसांपूर्वी, वाघीण माजावर आहे का, हे कळतं आणि बहुतेकदा गाठ न पडताच तो वाट बदलतो. गाठ पडली तर मात्र वाघांचं भांडण जिवावर बेतू शकतं. म्हणून ती खूण इतकी मोलाची.

रानगव्यांचा सगळा डाव बाजू दाखवण्याचाच. खांद्यावरचा उंचवटा जितका मोठा दिसेल तितकं बरं. एका मे महिन्यात, पेंचमध्येच, पाणवठ्याजवळ दोन बैल असे आडवे उभे होते. पाऊल उचलायचं, थांबायचं, पुन्हा एक पाऊल. वीस मिनिटं आम्ही गाडी बंद करून श्वास रोखून बसलो होतो. मागून दुसरी जिप्सी आली आणि फोटोसाठी सरळ दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत घुसली. एक बैल डावीकडे बांबूत गेला, दुसरा उजवीकडे. जे त्यांना एकमेकांकडे नुसतं बघून मिटवता आलं असतं, ते तसंच राहिलं.