दोन अंगरखे आणि केडगावचे अंगण

मंडळी, ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आला की मी चहा सोडतो. गेली कित्येक वर्षे हा नेम चालू आहे आणि त्या चाळीस दिवसांत घरचे लोक माझ्यापासून जरा लांबच राहतात, हेही सांगितले पाहिजे. पण मागच्या वर्षी माझ्या नातवाने विचारले, ‘आजोबा, त्या चहाचे वाचलेले पैसे कुणाला दिले?’ मला उत्तर देता आले नाही, कारण ते घरखर्चातच जिरले होते. आजच्या विषयाकडे मी त्या प्रश्नातून आलो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, की आम्ही काय करावे? तो त्यांना अरण्यात येऊन राहा म्हणत नाही, आपल्यासारखे उंटाच्या केसांचे वस्त्र नेसा असेही म्हणत नाही. ज्याच्यापाशी दोन अंगरखे आहेत त्याने ज्याला एकही नाही त्याला एक द्यावा, आणि अन्नाचेही तसेच करावे, एवढेच तो सांगतो. दुसरा अंगरखा पेटीत घडी घालून ठेवला आणि एकच वापरला, तर माणूस साधा दिसेल खरा, पण उघड्याची थंडी काही त्याने जाणार नाही.

या वचनाप्रमाणे जगलेले माणूस आपल्याच मातीत शोधायचे, तर मला पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावेसे वाटते. त्यांच्या विद्वत्तेविषयी आपण पुष्कळ बोलतो, त्यांच्या भुकेविषयी मात्र फारसे बोलत नाही. १८७४ च्या सुमाराच्या दक्षिणेतल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे हे पुराणिक कुटुंब अन्नाला महाग झाले. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि रानखजुरीच्या मूठभर फळांवर काढले. वडील गेले, मग आई गेली, आणि आईची तिरडी उचलायला चार माणसे जमेनात, तेव्हा चौथ्या माणसाच्या जागी रमाबाईंनी खांदा दिला, पण उंची कमी पडल्यामुळे आपल्या बाजूचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. पुढे या दिवसांविषयी लिहिताना त्यांनी एक कठोर कबुली दिली आहे, की आपल्याला जातीचा आणि विद्येचा एवढा अभिमान होता की भीक मागवत नव्हती, मोलमजुरीही करवत नव्हती, आणि पोट भरण्याजोगा दुसरा उद्योग तर आपल्याला येतच नव्हता.

माझ्या समजुतीप्रमाणे मुक्ती मिशनचा, म्हणजे पुण्याजवळ केडगावला त्यांनी निराधार बायकांसाठी उभारलेल्या आश्रमाचा, पाया या कबुलीत आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी त्यांची शाळा, शारदा सदन, निघाली आणि पुढच्याच वर्षी ती पुण्याला आली. हा इतिहास सर्वश्रुत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावला आधी घेतलेल्या जमिनीवर आसरा उभा राहिला, आणि १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या १,९०० च्या आसपास गेली. एवढ्या जणींचे नुसते रोजचे पीठ डोळ्यांसमोर आणून पाहा!

पण रमाबाई केवळ अन्नछत्र घालून थांबल्या नाहीत. शेती, गाईम्हशी, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम अशी कामे तिथे निघाली, आणि पुढे छापखानाही आला. देवनागरीचे खिळे जुळवणे हे काम किती किचकट, ते जुन्या जुळाऱ्यांना विचारावे. काना-मात्रा, रफार, जोडाक्षरे यांचे शेकडो कप्पे असतात आणि शिशाचे अक्षर उलटे वाचून ओळीत बसवावे लागते. जिने कधी पाटी पाहिली नव्हती अशी बाई तिथे हे काम शिकत होती. ज्या हातांना काम ठाऊक नसल्यामुळे आपल्या घराची वाताहत झाली, तसे हात दुसऱ्या कुणाचे राहू नयेत, असा हा हिशेब मला दिसतो.

त्यांची राहणी पांढऱ्या सुती साडीची आणि शाकाहाराची होती. वाँटेजच्या भगिनींना, म्हणजे तिथल्या मठातल्या जोगिणींना, त्या शाकाहारात जातीच्या अभिमानाचा वास आला, तरी रमाबाईंनी तो सोडला नाही. ख्रिस्त स्वीकारणे म्हणजे साहेबी जेवण स्वीकारणे नव्हे, हे त्यांना पक्के कळले होते. आपल्या मंडळीत आजही हे पुष्कळांना कळत नाही, असे मी जरा धीटपणे म्हणतो.

एक अवघड प्रश्न टाळून पुढे जाणे बरे नाही. धर्मांतराच्या वादातून १८९३ साली सल्लागार मंडळातले सुधारक रानडे आणि भांडारकर शारदा सदनापासून दूर झाले होते. अन्नावाचून मरू घातलेली मुलगी जिथे घास मिळाला तिथलाच देव धरते, तेव्हा तिची निवड कितपत मोकळी असते? रमाबाईंची श्रद्धा निखळ होती, याविषयी मला शंका नाही, पण देणाऱ्याची श्रद्धा निखळ असली म्हणून घेणाऱ्याची अडचण संपत नाही, आणि आपण सेवाकार्याला निघतो तेव्हा हा प्रश्न बरोबर घेऊनच निघावे लागते.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलाच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि भाषा मात्र खेड्यातल्या बाईला कळेल अशी सोपी ठेवली. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. बायबल १९२४ साली बाहेर आले, आणि त्याचे खिळे केडगावच्या त्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी जुळवले होते.