आठवणीतला समुद्र

नमस्कार श्रोतेहो!

आज एका चित्रकाराबद्दल बोलायचंय. रेडिओवर चित्रं दाखवता येत नाहीत हे खरं, पण या गृहस्थांनीही समुद्र रंगवला तो समोर न ठेवताच. तेव्हा आपलंही निभावून जाईल.

इव्हान आयवाझोव्स्की. जन्म १८१७ चा, काळ्या समुद्राकाठच्या फिओदोसिया गावात, एका आर्मेनियन कुटुंबात. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत शिक्षण झालं, इटली पाहून झाली, १८४४ मध्ये रशियन आरमाराचे चित्रकार म्हणून नेमणूकही मिळाली. राजधानीत मान होता, कामाला तोटा नव्हता. तरी हा माणूस परत फिओदोसियालाच आला आणि तिथंच घर बांधून राहिला.

किनाऱ्यावर बसून चित्र पुरं करणं मात्र त्यांना पटत नसे. त्यांचं म्हणणं असं, की वीज, वाऱ्याचा झोत, फुटणारी लाट या गोष्टी समोर बघून रंगवताच येत नाहीत. कुंचला उचलेपर्यंत लाट गेलेली असते. म्हणून बाहेर भरपूर बघायचं, जुजबी रेखाटनं करायची आणि चित्र काढायचं ते खोलीत, आठवणीवर भिस्त ठेवून.

१८५० चं त्यांचं ‘नववी लाट’ डोळ्यांपुढे आणा. सव्वातीन मीटरांहून रुंद कॅनव्हास. रात्रभराच्या वादळानंतर उजाडतंय आणि मोडक्या डोलकाठीला काही माणसं बिलगलीयत. दर्यावर्दी लोकांत समज होता, की नववी लाट सगळ्यांत भयंकर. नजर त्या माणसांवर जाते, पण खरी करामत लाटेच्या माथ्याशी आहे. तिथं पाणी पातळ झालंय आणि उजेड त्यातून आरपार येतोय. हे साधतं रंगाच्या विरळ, पारदर्शक थरांनी. खालचा उजळ रंग वरच्या हिरव्यातून झिरपत राहतो. जाड रंग थापला असता, तर लाटेची भिंत झाली असती.

आयुष्यभरात त्यांनी सुमारे सहा हजार चित्रं काढली म्हणतात. एवढ्या ढिगात तोचतोपणा येणारच. तोच चंद्र, तीच चकाकी, तेच गलबत! काही चित्रं तर मला सरळसरळ गोडगट्ट वाटतात. आठवणीवर काम करणाऱ्याला हा धोका असतोच, हात सवयीनं चालायला लागतो.

पण मग १८९८ चं ‘लाटांमध्ये’ समोर येतं आणि तक्रार जागच्या जागी विरते. वय ऐंशीच्या पुढं, कॅनव्हास चार मीटरांहून रुंद. यात ना मोडकं जहाज, ना बुडणारी माणसं. काळवंडलेल्या आभाळातून एक तिरपी तिरीप खाली आलीय आणि खाली निळं, हिरवं, करडं पाणी नुसतं घुसळतंय. पन्नास वर्षांपूर्वी लाटेचं भय दाखवायला त्यांना माणसं लागली होती. आता एकट्या पाण्यावर भागलं.

हे चित्र त्यांनी आपल्या गावच्या कलादालनालाच ठेवलं. दालनही त्यांनीच उभारलेलं, १८८० चं. कुठं त्याची छापील प्रत हाती आली, तर कडेचा फेस आधी बघू नका. मधल्या खळग्यातलं पाणी बघा, सगळी मेहनत तिथं आहे.

नमस्कार!